नव्वद मिनिटांची कॅसेट

२००१ साली कोलकात्यात तौलनिक साहित्यात एम. ए. करत असताना माझ्या खोलीत राहणाऱ्या शिलाँगच्या मुलीने मला एक कॅसेट भरून दिली. नव्वद मिनिटांची, दोन्ही बाजू काठोकाठ. आतल्या कागदावर तिने निळ्या शाईने बारीक अक्षरात एकवीस गाण्यांची नावं लिहिली होती आणि वर बँडचं नाव : द स्मॅशिंग पम्पकिन्स. अल्बम होता ‘मेलन कॉली अँड द इन्फिनिट सॅडनेस’. मी तोपर्यंत पुण्यात किशोरी आमोणकर, आर. डी. बर्मन आणि थोडेसे बीटल्स एवढ्यावर वाढलेली. ती कॅसेट मी दोन वर्षं जवळजवळ रोज ऐकली. पुढे बदल्या, घरं, लग्न, पुन्हा घरं यांत ती कुठेतरी गेली. शेवटची ऐकली तेव्हा फीत ताणली गेली होती आणि गाणारा माणूस पाण्याखालून गातोय असं वाटायचं.

मूळ अल्बम १२१ मिनिटांचा आहे हे मला माहीत होतं. गाणी अठ्ठावीस आहेत हेही. म्हणजे मैत्रिणीने सात गाणी, जवळजवळ अर्धा तास, गाळला होता. या अर्ध्या तासाबद्दल मला इतकी वर्षं एक गोड हुरहूर होती. जे मिळालं ते इतकं चांगलं, तर जे राहिलं ते काय असेल! इंटरनेट आल्यावर तो अर्धा तास एका बोटाच्या अंतरावर होता, तरी मी फोनवर आपली ठरलेली पाच-सहा गाणीच लावत राहिले. कारण सांगता येणार नाही. काही पुस्तकं आपण मुद्दाम वाचायची ठेवतो, तसं असेल.

ऑक्टोबर २०२५ मध्ये अल्बमला तीस वर्षं झाली. शिकागो हे बँडचं गाव. तिथल्या लिरिक ऑपेराने त्याचं ऑपेरा-रूप जाहीर केलं. आता टाळण्यात अर्थ नाही असं म्हणून मी एका रविवारी, बनारसला दुर्गाघाटाजवळच्या माझ्या भाड्याच्या खोलीत, अठ्ठावीस गाणी ओळीने ऐकायला बसले. पहिल्या सीडीचं नाव ‘पहाट ते तिन्हीसांज’ अशा अर्थाचं, दुसरीचं ‘संधिप्रकाश ते चांदणं’. म्हणून पहिली सकाळी ऐकली, दुसरी संध्याकाळी. एवढा मान मी क्वचितच कुणाला देते.

निराशा झाली. आणि ती कुठल्या एका गाण्याने झाली नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आधी ज्यांना हा अल्बम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. बिली कॉर्गन हा बँडचा गायक, गिटारवादक आणि जवळजवळ सगळ्या गाण्यांचा कर्ता. १९९३ चा ‘सायमीज ड्रीम’ गाजल्यावर त्याने ठरवलं की आता काहीतरी अवाढव्य करायचं. फ्लड आणि अ‍ॅलन मोल्डर या दोन निर्मात्यांना सोबत घेऊन त्याने १९९५ मध्ये हा दुहेरी अल्बम काढला. तो अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात बिलबोर्डच्या यादीत पहिला आला, त्याला सात ग्रॅमी नामांकनं मिळाली, त्यांतलं एक पारितोषिक झालं. पुढे त्याला ‘डायमंड’ प्रमाणपत्रही मिळालं, म्हणजे एक कोटी प्रती. मात्र तिथे एवढ्या लांबीच्या दुहेरी अल्बमचा एक संच दोन प्रती म्हणून मोजतात. लांबीचा असाही उपयोग असतो! नव्वदच्या दशकातल्या ‘अल्टरनेटिव्ह रॉक’वर लिहिणारे लोक आजही या अल्बमला एका पिढीची कादंबरी म्हणावी तसं वागवतात. तो लांब आहे हे मान्य करतात आणि लगेच म्हणतात, लांबी हाच तर मुद्दा आहे.

लांब गाण्याबद्दल किंवा लांब संगीताबद्दल माझी तक्रार असूच शकत नाही. मी ज्या गावात राहते तिथे दर एप्रिलच्या सुमारास, हनुमानजयंतीच्या आगेमागे, संकटमोचन मंदिराच्या आवारात संगीत समारोह होतो. १९२३ पासूनची परंपरा. संध्याकाळी सुरू होतो आणि उजाडेपर्यंत चालतो, असा ओळीने अनेक रात्री. तिकीट नाही. लोक सतरंजीवर बसतात, आडवे होतात, चहाला उठतात, तबल्याच्या आवाजाने जागे होतात. मी तिथे आठ-आठ तास बसले आहे आणि घड्याळ पाहिलेलं नाही. मग दोन तासांच्या एका रॉक अल्बममध्ये माझा जीव का गुदमरावा? या प्रश्नाने मला अल्बमपेक्षा जास्त छळलं.

सुरुवात तर उत्तम होते. एकटा पियानो, शब्दांविना. मग ‘टुनाइट, टुनाइट’ : शिकागो सिम्फनीच्या वादकांची तंतुवाद्यं एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला जिमी चेंबरलिनचा ड्रम, जो साथ करत नाही, गाणं पुढे ढकलतो. चेंबरलिन जॅझमधून आलेला आहे, ते त्याच्या मनगटात कळतं. इतका भरजरी आवाज असूनही गाणं हलकं राहतं. थोड्या वेळाने ‘झीरो’ आणि ‘बुलेट विथ बटरफ्लाय विंग्ज’ येतात. दोन्ही रागाची गाणी. दुसऱ्यात पिंजऱ्यात अडकल्याचा त्रागा आहे आणि तो जरा नाटकी आहे. पण सोळाव्या वर्षीचा राग नाटकीच असतो, कॉर्गनला ते ठाऊक आहे. ‘मझल’ नावाचं गाणं मला आजही फार आवडतं. आणि ‘पोर्सेलिना ऑफ द व्हास्ट ओशन्स’ हे नऊ मिनिटांहून मोठं गाणं अख्ख्या अल्बममध्ये लांबीचा अर्थ समजलेलं एक गाणं आहे. ते जवळजवळ ऐकू न येणाऱ्या गिटारने सुरू होतं. स्वर एकेक करून मांडले जातात, आवाज हळूहळू भरतो, मग लाट फुटते, ओसरते, पुन्हा भरते. हे कॉर्गनने आलापीतून घेतलं असं मी म्हणणार नाही. पण पुढे काय येणार याची वाट पाहायला लावणं, ही आलापातली मूळ गोष्ट, तिथे आहे.

पंचाईत अशी की या नऊ मिनिटांना मोकळी जागाच मिळत नाही. तोपर्यंत बारा गाणी झालेली असतात. त्यांतल्या ‘जेलीबेली’, ‘अ‍ॅन ओड टू नो वन’ आणि ‘लव्ह’ या तिघांनी (माझ्या कॅसेटमध्ये हीच नव्हती) कान इतका दमवलेला असतो की पोर्सेलिनाची पहिली दोन मिनिटं ऐकण्यातली शांतता शिल्लक राहत नाही. मी सकाळी नेमकी तिथे उठून चहा टाकला. वीस वर्षं जिथे मी श्वास रोखत असे तिथे.

दुसऱ्या सीडीत हे आणखी वाढतं. सुरुवातीलाच दोन दणकट गाणी, मग ‘थर्टी-थ्री’सारखं साधं, गोड गाणं, मग ‘१९७९’, आणि त्याच्या पाठोपाठ ‘टेल्स ऑफ अ स्कॉर्च्ड अर्थ’ नावाची पावणेचार मिनिटांची किंकाळी. त्यानंतर थोडं पुढे ‘एक्स. वाय. यू.’, सात मिनिटं. हे सगळं वाईट वाजवलेलं नाही. एकेकटं ऐकलं तर यातलं प्रत्येक गाणं एखाद्या लहान बँडला नाव मिळवून देईल. पण ‘झीरो’ने जे सांगितलं त्यापेक्षा वेगळं यातलं कोणतं गाणं सांगतं? मी वही घेऊन बसले होते. सहाव्या ओरडण्यापाशी वहीत फक्त ‘पुन्हा’ असं लिहिलेलं आहे.

भिंतीपलीकडे घरमालकीणबाई राहतात. आमच्या भागात, ब्रह्माघाट-दुर्गाघाटाकडे, कित्येक पिढ्यांपासूनची मराठी घरं आहेत. काकूंचं मराठी जुनं आणि हिंदीच्या वळणाचं आहे. त्या दाराशी आल्या. “अगं, हे केव्हापासून एकच गाणं चाललंय का?”

“नाही काकू, नऊ झाली.”

“असं होय,” म्हणाल्या. “मला वाटलं, अटकलंय.”

काकूंना इंग्रजी गाणं कळत नाही, असं म्हणून ही टीका सोडून देता येईल. मी देऊ शकले नाही. संकटमोचनला याच काकू पहाटे चारला डोळे मिटलेल्या अवस्थेत राग बदलला हे ओळखतात.

त्यातच मला उत्तराचा एक धागा सापडला. अल्बम दिवसाचा प्रवास सांगतो असं म्हणतो. पण सकाळची सीडी आणि रात्रीची सीडी यांच्या आवाजात मला फरक ऐकू आला नाही. दोन्हींत तेच ओरडणं आणि तेच कुजबुजणं, आलटून पालटून. आणि एक गोष्ट मला नंतर कळली ती तर गंमतीची आहे. हाच अल्बम तबकड्यांवर, म्हणजे तीन एलपींवर, निघाला तेव्हा त्यात आणखी दोन गाणी घातली आणि सगळा क्रमच बदलला. सहा बाजूंना सहा नावं : पहाट, चहाची वेळ, तिन्हीसांज, संधिप्रकाश, मध्यरात्र, चांदणं. म्हणजे सीडीवर सकाळी ऐकायचं गाणं तबकडीवर रात्री जाऊ शकतं. मग ते सकाळचं होतं कशावरून? भैरव उद्या मारव्याच्या वेळेला गा असं कुणी म्हटलं तर इथला पानवालासुद्धा वर बघेल. रागांचा वेळेशी असलेला संबंध निसर्गाचा नाही, परंपरेचा आहे, हे मला मान्य आहे. पण तो पाळला की रात्रीला एक उतार मिळतो. श्रोता झोपला तरी रात्र कुठे पोचली ते त्याला जागं झाल्यावर कळतं. या अल्बममध्ये झोप लागून उठलं तर आपण कुठे आहोत ते कळत नाही. तिथे दिवस फक्त वेष्टनावर उगवतो.

दुसरं उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही, कारण ते याच गावातलं आहे आणि मराठीतलं आहे. एकनाथांनी आपलं भागवत पुरं केलं ते वाराणसीत, शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली. अकराव्या स्कंधाचे एकतीस अध्याय, आणि त्यांवर अठरा हजारांहून जास्त ओव्या. संस्कृतातला हा ग्रंथ प्राकृतात आणला म्हणून काशीच्या पंडितांनी आधी आक्षेप घेतला आणि नंतर त्याची मिरवणूक काढली, असं परंपरा सांगते. एका श्लोकामागे डझनभर ओव्या! तौलनिक साहित्याच्या वर्गात याला विस्तार म्हणतात. संपादकाच्या टेबलावर पाल्हाळ म्हणतील. खरं सांगायचं तर पारायणात मलाही डुलकी लागते. नाथ एक दृष्टांत देतात, तो पुरेसा असतो, तरी दुसरा देतात, मग तिसरा. पण तिसरा दृष्टांत बहुतेक वेळा वेगळ्या माणसासाठी असतो. पहिला ज्याला वेदान्त कळतो त्याच्यासाठी, दुसरा शेतकऱ्यासाठी, तिसरा चूल सांभाळणारीसाठी. समोर बसलेल्या माणसांकडे पाहून ती पुनरुक्ती झाली आहे. कॉर्गनच्या पुनरुक्तीत समोर कुणी दिसत नाही. एकच मुलगा आहे आणि तो दार लावून आपल्याच खोलीत आहे.

यावर अल्बमच्या बाजूने जे म्हटलं जातं ते मी टाळत नाही. म्हणतात, किशोरवय असंच असतं. अस्ताव्यस्त, एकसुरी, स्वतःवर खूश आणि स्वतःला कंटाळलेलं. अल्बम त्या वयासारखा आहे म्हणून तो लांबच हवा. हा युक्तिवाद मला भाषांतरकार म्हणून फार ओळखीचा आहे. कंटाळ्यावरची कादंबरी कंटाळवाणी असली पाहिजे, असं म्हणणारे लेखक मला भेटलेले आहेत. आणि बीटल्सच्या १९६८ च्या ‘व्हाइट अल्बम’चा दाखला देतात. तोही दुहेरी, तीस गाण्यांचा. निर्माते जॉर्ज मार्टिन यांचं मत होतं की गाळून एकच चांगला अल्बम काढावा. जगाने मार्टिन यांचं ऐकलं नाही आणि बरंच झालं. पण त्या अल्बममध्ये एकमेकांवर वैतागलेले वेगवेगळे लिहिणारे आहेत. एकाचा सूर दुसरा खोडतो. इथे गिटारवादक जेम्स ईहाचा वाटा जेमतेम दोन गाण्यांत आहे आणि ती दोन्ही एकेका सीडीच्या शेवटी, जेवणानंतरच्या बडीशेपेसारखी. बाकी सगळा एकाच माणसाचा स्वभाव, वेगवेगळ्या कपड्यांत. ‘क्यूपिड द लॉक’ला रेशमी अंगरखा, ‘लिली’ला जुन्या नाटकमंडळीची टोपी. कपडे सुंदर आहेत. आतला माणूस बदलत नाही.

एक कारण तंत्रज्ञानाचंही आहे. एलपीवर साधारण पंचेचाळीस मिनिटं मावत. सीडीवर सत्तरच्या पुढे. नव्वदच्या दशकात ही जागा रिकामी ठेवणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं असं वाटू लागलं आणि सगळेच अल्बम फुगले. २०१२ मध्ये या अल्बमची जी पुनरावृत्ती निघाली तिच्यात आणखी चौसष्ट तुकडे जोडलेले आहेत. तिकडे मी गेलेले नाही आणि जाणार नाही.

आता ‘१९७९’बद्दल. हे माझं जन्मवर्ष, तेव्हा पक्षपात गृहीत धरावा. चार-साडेचार मिनिटांचं गाणं, फिरत राहणारा एक ड्रमचा तुकडा, तोडून-जोडून वाजवलेला आवाजाचा एक कपटा, आणि गावाबाहेर गाडीतून निरुद्देश भटकणारी पोरं. ओरडणं नाही, तंतुवाद्यं नाहीत. अख्ख्या अल्बममध्ये उदासीबद्दल कमीत कमी बोलणारं हे गाणं सगळ्यांत जास्त उदास आहे. त्याची हकीकत अशी सांगतात की ध्वनिमुद्रणाच्या शेवटीशेवटी ते अर्धवट होतं, आणि फ्लडने कॉर्गनला स्वच्छ सांगितलं की हे पुरेसं चांगलं नाही, काढून टाकू. कॉर्गनला राग आला. त्याने घरी जाऊन एका बैठकीत गाणं पुरं केलं, दुसऱ्या दिवशी फ्लडने ऐकलं आणि ते राहिलं. ही गोष्ट वाचल्यावर माझ्या मनात साहजिकच आलं, उरलेल्या गाण्यांपैकी दहा-बारांना हा माणूस असाच ‘नाही’ म्हणाला असता तर?

शीर्षकाचं भाषांतर करून पाहिलं, सवयीने. ‘मेलन कॉली’ हा मेलन्कली या शब्दाचा खेळ आहे, एखाद्या मुलीचं नाव वाटावं असा; तो मराठीत येत नाही, सोडून दिला. ‘इन्फिनिट सॅडनेस’ला अनंत विषाद म्हटलं तर गीतेचा पहिला अध्याय आठवतो. खिन्नता फार सभ्य. मग उदासी. आणि इथे आपली भाषा एक चावटपणा करते : उदास म्हणजे दुःखी, आणि उदासीन म्हणजे ज्याला काही वाटेनासं झालंय तो. मी सकाळी उदास व्हायला बसले होते. रात्री साडेनऊला, चौघांनी मिळून म्हटलेलं निरोपाचं शेवटचं गाणं संपून पुन्हा तो पियानो आला तेव्हा मी उदासीन होते.

इंडियन ओशनने ‘मसान’ (२०१५) या सिनेमासाठी तीन गाणी केली. तीनच. हे गाव, घाट, रेल्वेचा पूल, जळणारी लाकडं, सगळं त्यांत आलं. मी त्या रात्री ती तीन ऐकून झोपले. तुलना अन्यायाची आहे, मला ठाऊक आहे. सिनेमाच्या गाण्यांना बाकीचं सांगायला सिनेमा असतो.

हा लेख इथे संपवता आला असता. पण माझं एक जुनं दुखणं यात अडकलेलं आहे. गेली तीन वर्षं मी एका लांबलचक हिंदी कादंबरीचं मराठी भाषांतर करते आहे. मागच्या वर्षी प्रकाशनाकडून निरोप आला की एक तृतीयांश मजकूर कमी करावा, वाचक एवढं वाचत नाहीत. मी कडक पत्र लिहिलं. भाषांतरकाराला गाळण्याचा अधिकार नाही, मूळ लेखकाने जे लिहिलं ते सगळं, त्याच्या पाल्हाळासकट, वाचकापर्यंत पोचवणं हे माझं काम, वगैरे. त्या पत्राचा मला अभिमान होता. आणि आता मी कॉर्गनच्या अल्बमचा एक चतुर्थांश कापायला कात्री घेऊन बसले आहे. माझं प्रेम मुळात कुणीतरी कापलेल्या अल्बमवरच होतं. मूळ लेखकाला न विचारता केलेल्या त्या संपादनाने मला दोन वर्षं सांभाळलं.

म्हणून मी शिलाँगच्या त्या मैत्रिणीला निरोप पाठवला. पुष्कळ वर्षांनी. ती आता शाळेत शिकवते. विचारलं, ती सात गाणी तू कशी निवडलीस? मला वाटलं होतं की तिचा कान, तिची दृष्टी याबद्दल काही कळेल.

तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. म्हणाली, निवडलं कुठे? रात्री अकरानंतर ओरडण्याचा आवाज आला की आपल्या वॉर्डनबाई दार वाजवायच्या, विसरलीस? जिथे जिथे तो फार ओरडत होता ती काढली. ‘झीरो’ आणि ‘बुलेट’ मला स्वतःला हवी होती म्हणून ठेवली, ती आपण आवाज कमी करून ऐकायचो. खाली तिने लिहिलं होतं : खरं तर मला ‘एक्स. वाय. यू.’ सगळ्यांत आवडायचं. ते मी हेडफोनवर ऐकायचे, तू झोपल्यावर.

मी काल ‘एक्स. वाय. यू.’ पुन्हा लावलं, एकटंच, मागेपुढे काही न ठेवता. सात मिनिटं. पाचव्या मिनिटाच्या आसपास ड्रमचा वेग जिथे तुटतो तिथे पहिल्यांदा कान उभे राहिले. कादंबरीचा बाविसावा प्रकरणापर्यंतचा खर्डा टेबलावर आहे. सतरावं प्रकरण काढलं तर काय होईल ते पाहण्यासाठी मी ते बाजूला करून ठेवलंय, पत्राला अजून उत्तर आलेलं नाही.